नुसता ‘अशक्तपणा’ सांगू नका, काय होतंय ते सांगा

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात, ज्याला आपण सगळे कॅज्युअल्टी म्हणतो, तिथे एक तक्रार रोज आणि वारंवार कानावर येते. कुणी म्हणतं, “हातपाय गळून गेलेत.” कुणी म्हणतं, “अंगात त्राणच नाही.” मुलगा सांगतो, “पप्पा दोन दिवसांपासून नुसते पडून आहेत.” केस पेपरवर या सगळ्यांचं मिळून एकच होतं : अशक्तपणा.

अशक्तपणा हा आजार नाही, ती फक्त तक्रार आहे. तिच्यामागे झोप न झालेली असू शकते, दोन दिवसांचा उपास असू शकतो. आणि त्याच एका शब्दामागे हृदयविकाराचा झटका, उतरलेली साखर, मेंदूतली गाठ, पोटातला रक्तस्राव किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्गही असू शकतो. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. अशक्तपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी असा रुग्ण बाकड्याच्या टोकाला बसून राहतो.

त्यात आपली माणसं, विशेषतः आपल्या बाया, दुखणं लहान करून सांगतात. चार घरची धुणीभांडी, पाण्याची रांग, नाक्यावरची मजुरी, हे सगळं अंगावर काढायची सवय असते. पडेपर्यंत काम करायचं आणि दवाखान्यात गेल्यावर म्हणायचं, “काही नाही सिस्टर, जरा अशक्तपणा आहे.” समोरचाही मग तेवढंच लिहितो, एक बाटली लावतो आणि घरी पाठवतो. हे थांबवायचं तर कॅज्युअल्टीत नेमकं काय तपासायला हवं आणि आपण काय सांगायला हवं, हे घरातल्या एकाला तरी माहीत असलं पाहिजे.

बाटलीत किती ताकद असते?

वस्तीतल्या डॉक्टरकडे ‘ताकदीची बाटली’ म्हणून जी लावतात, ती बहुतेक वेळा ग्लुकोजची नाहीतर मीठपाण्याची असते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. मीठपाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी सगळं पाणी. यापेक्षा जास्त ताकद एका ज्वारीच्या भाकरीत असते. लाल रंगाचं इंजेक्शन बहुधा बी-१२ किंवा इतर बी जीवनसत्त्वांचं असतं. शरीरात त्याची कमतरता असेल तरच त्याचा उपयोग.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, डेंग्यूत रक्तदाब घसरला, ऊन लागून माणूस कोसळला, तर सलाईन जीव वाचवतं, यात शंका नाही. पण ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे, त्याला न तपासता बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी भरून दम लागू शकतो. म्हणून बाटली लावण्याआधी तपासणी व्हायला हवी. “बाटली लावा” असा हट्ट आपणही धरू नये. “आधी तपासा” असं म्हणावं.

आत गेल्यावर आधी काय बघायला हवं?

पहिल्या काही मिनिटांत या गोष्टी तपासून कागदावर लिहिल्या गेल्या पाहिजेत :

१. शुद्ध : रुग्ण नीट बोलतो का, गोंधळलाय का, झोपाळलेला आहे का.

२. श्वास : मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. २५-३० च्या पुढे गेले तर काळजी.

३. नाडी : मिनिटाला ६० ते १०० ठीक. फार जलद, फार मंद किंवा अडखळत चालणारी नाडी धोक्याची.

४. बीपी : वरचा आकडा ९० च्या खाली म्हणजे तातडीची बाब.

५. ऑक्सिजन : बोटाला चिमटा लावून. निरोगी माणसाचा ९५ किंवा त्याहून वर असतो.

६. ताप : काखेत थर्मामीटर लावून, नुसता हात लावून नव्हे.

७. साखर : बोटाला टोचून. याला एक मिनिटही लागत नाही, आणि अशक्त, गोंधळलेल्या किंवा बेशुद्ध माणसाची ही तपासणी कधीच राहून जाता कामा नये.

आठवी गोष्ट ईसीजी. चाळिशीच्या पुढचा माणूस, मधुमेह किंवा बीपी असलेला माणूस, घाम येतोय किंवा दम लागतोय असा माणूस अशक्तपणा सांगत आला, तर ईसीजी लगेच काढायला हवा. छातीत कळ आली तरच झटका, असं नसतं. बायांना, म्हाताऱ्यांना आणि मधुमेहींना कित्येकदा छातीत दुखतच नाही. नुसता घाम, मळमळ, धाप आणि एकाएकी आलेलं गळाठणं, एवढ्यावरच झटका येऊन जातो. घरचे समजतात ॲसिडिटी झाली.

यानंतर रक्त-लघवीच्या तपासण्या येतात : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईची गरोदरपणाची तपासणी. पोटॅशियम फार कमी किंवा फार जास्त झालं तरी हातपाय लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसवर असलेल्या माणसाची पाळी चुकली आणि त्याला अशक्तपणा आला, तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याचा अशक्तपणा नव्हे.

गळून जाणं वेगळं, ताकद जाणं वेगळं

डॉक्टर-नर्सच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो तो हा. “थकवा आहे, पण उठायचं ठरवलं तर उठता येतं” ही एक गोष्ट. “उठायचंय, पण पाय उचलतच नाही” ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात मेंदू, मज्जारज्जू, नसा किंवा स्नायू यांत बिघाड असतो. म्हणून दोन्ही हात समोर धरायला सांगतात, बोटं दाबायला लावतात, उशीवरून मान उचलायला सांगतात, गुडघ्यावर हातोडी मारून बघतात.

एका बाजूची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर तो लकवा. आपल्याकडे म्हणतात, “वारं गेलं.” रक्ताच्या गाठीमुळे लकवा असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. त्यामुळे “शेवटचं ठीक कधी पाहिलं” ही वेळ सगळ्यात मोलाची. मालिश, पारव्याचं रक्त, कुणा बाबाचा दोरा यात ते तास घालवू नका. घरी बीपीची गोळी देऊ नका, पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

पायांना मुंग्या येऊन अशक्तपणा खालून वर चढत असेल, काल जिना चढवत नव्हता, आज हात उचलत नाही, तर तो गुइलेन-बारे असू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात या आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडे लक्ष वेधलं गेलं. कित्येकदा आधी जुलाब होऊन गेलेले असतात. यात श्वासाचे स्नायूही थकतात. रुग्णाला एका श्वासात १ ते २० मोजायला सांगा. १०-१२ लाच दम संपत असेल तर तसं डॉक्टरांना लगेच सांगा.

पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, जड पापण्या आणि अशक्तपणा घेऊन उठला, तर मण्यार चावल्याची शंका घ्यायलाच हवी. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही अनेकदा दिसत नाही. माणूस डोळे उघडत नाही म्हणून “रात्री जास्त झाली असेल” असं समजतात. अशा माणसाला झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या.

शेतमजुरांसाठी आणखी एक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीनंतर अशक्तपणा, तोंडाला लाळ, घाम, धूसर दिसणं, छातीत घरघर असेल तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो बरोबर घेऊन निघा.

‘अशक्तपणा’च्या आड लपणारे आणखी धोके

साखर उतरणं : मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, की घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. साखर ७० च्या खाली म्हणजे कमी. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, मग जेवू घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून “आता बरं वाटतंय” म्हणून लगेच घरी जाऊ नका.

रक्त कमी होणं : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी आहेत. पण रक्त हळूहळू कमी होणं वेगळं आणि एकाएकी जाणं वेगळं. कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्याला डांबरासारखी काळी शौच होत असेल, तर पोटात रक्तस्राव होतोय असं समजा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर तेही सांगा. मुलीची किंवा बाईची पाळी चुकलीय, ओटीपोटात दुखतंय आणि ती चक्कर येऊन पडली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. अशा वेळी लाजेपोटी पाळीची माहिती लपवू नका. मुलगी आईसमोर बोलत नसेल तर सिस्टरला तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

सिकलसेल : विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलचं मूल एकाएकी पांढरं पडलं, मलूल झालं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर प्लीहेत रक्त साठलेलं असू शकतं. हे लगेच रक्त द्यावं लागण्याइतकं गंभीर आहे. ताप, छातीत दुखणं, दम लागणं हेही घरी थांबण्याचं नाही. सिकलसेल असेल तर केस पेपर काढतानाच सांगा, कार्ड दाखवा. अशा रुग्णाला तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत नाहीत, कारण वारंवार रक्त दिल्यावर अंगात लोह आधीच साचलेलं असतं.

डेंग्यू : ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं इथे नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच काही जणांचा धोका वाढतो. ताप गेला, पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, मूल सुस्त झालंय, तर उठून दवाखाना गाठा.

म्हाताऱ्यांचा जंतुसंसर्ग : सत्तरीच्या आजीला न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग झाला, तरी ताप येईलच असं नाही. “कालपासून जेवत नाही, कुठेही काहीही बोलते, अंथरुणातच लघवी झाली” एवढंच दिसतं. “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका.

ऊन लागणं : नाका कामगार, सफाई कामगार, वीटभट्टीवरचे मजूर यांना एप्रिल-मे मध्ये. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, तर त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि ते करत करतच १०८ ला फोन लावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून माणूस फक्त प्यायलेलाच आहे, असं धरून चालता येत नाही. पिणाऱ्यालाही लकवा होतो, त्याचीही साखर उतरते, त्याच्याही डोक्याला मार लागलेला असतो. तसंच “टेन्शन आहे”, “नाटक करते” हा शेरा बाईच्या केस पेपरवर तपासणीआधी येता कामा नये. मनाच्या आजारानेही माणूस खरोखर गळून जातो. त्यावर उपचार आहेत आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. पण तो निष्कर्ष शरीराची तपासणी झाल्यानंतरचा.

कसं सांगायचं?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः अंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्खूसंघाला शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले, तसे रुग्णाचेही सांगितले. त्यातला एक गुण असा, की रुग्णाने आपलं दुखणं जसं आहे तसं सांगावं : वाढत असेल तर वाढतंय, कमी होत असेल तर कमी होतंय, तसंच असेल तर तसंच आहे. नर्सिंगच्या पुस्तकात रुग्णाची माहिती घेण्याचा जो धडा असतो, त्याचं सार याहून वेगळं नाही.

तर सांगताना हे सांगा :

• कधीपासून? एकाएकी की हळूहळू? वाढतंय का?

• काल काय करता येत होतं, जे आज येत नाही? “काल पाण्याचा हंडा उचलला, आज पेला धरवत नाही,” हे वाक्य ‘खूप अशक्तपणा’पेक्षा दहापट कामाचं.

• सगळं अंग की एक बाजू? हात, पाय, पापण्या, गिळणं?

• बरोबर काय? घाम, धाप, ताप, जुलाब, चक्कर, काळी शौच, छातीत किंवा पोटात दुखणं.

• पाळी कधी आली? लघवी होतेय का?

• कोणती औषधं चालू आहेत? सगळी एका पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढा, दारू, तंबाखू हेही सांगा.

• मधुमेह, बीपी, क्षयरोग, सिकलसेल, मूत्रपिंडाचा आजार आहे का?

बरोबर असा माणूस पाठवा, ज्याला हे माहीत आहे. पाच जण गेले आणि कुणालाच काही सांगता आलं नाही, असं नको.

तपासणी हा उपकार नाही

बाबासाहेबांनी संविधानात जो अनुच्छेद २१ दिला, त्यातल्या जीविताच्या हक्कात तातडीचा उपचार येतो. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं, सरकारी असो वा खासगी, पहिलं कर्तव्य आहे. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात तर एका जखमी मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि त्याला नुकसानभरपाई द्यायला लावली.

याचा अर्थ कॅज्युअल्टीत जाऊन आरडाओरडा करायचा असा नाही. तिथली सिस्टर एका वेळी पंधरा जणांकडे बघत असते. शांतपणे, पण ठामपणे विचारा : “सिस्टर, साखर तपासली का? बीपी किती आहे? ईसीजी काढायचा का?” रुग्णाची तब्येत थांबलेल्या रांगेत बिघडली, तर उठून सांगा, “मघाशी बोलत होते, आता बोलत नाहीत.” रांगेत कुणाला आधी घ्यायचं हे आजाराच्या गंभीरपणावर ठरतं, त्यामुळे अशा बदलाने क्रम बदलतो. घरी पाठवत असतील तर तीन गोष्टी विचारल्याशिवाय निघू नका : काय निघालं, काय झालं तर परत यायचं, आणि पुन्हा कधी दाखवायचं. केस पेपर आणि रिपोर्ट जपून ठेवा.

विहारात एक संध्याकाळ

वर्षावासात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन चालतं, वस्ती एकत्र बसते. त्यातली एक संध्याकाळ या कामासाठी काढा. आशाताईंना बोलवा. विहाराच्या कपाटात साखर तपासायचं यंत्र, बीपीचं यंत्र, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी ती वापरायला शिकून घ्या. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, ते दर महिन्याला बघा.

आणि प्रत्येक घरात दाराच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, आजार, चालू औषधं, रक्तगट आणि सिकलसेलचा रिपोर्ट लिहा. खाली रिक्षावाल्या शेजाऱ्याचा नंबर आणि १०८. रात्री दोन वाजता कुणी कोसळलं, तर तो कागद काढायचा, औषधांची पिशवी उचलायची आणि निघायचं. कॅज्युअल्टीच्या टेबलावर तो कागद ठेवला, की अशक्तपणा या एका शब्दावर कुणाला थांबता येणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.